न कापलेली तार

आपा,

तुझी बातमी मला काळमेघकाकांनी फोनवर दिली. भातकुलीचे आपले काका, कृषी केंद्रवाले, दुपारच्या आपल्या गप्पांचे पंच. रेडिओवर बोलायला लागले की आवरत नाहीत आणि टेलिफोन हातात घेतला की त्यांची दातखीळ बसते. "वंदनाताई, आपा सायलेंट की झाल्या," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. हॅम रेडिओवाल्यांची ही बोलायची रीत तुला ठाऊकच आहे. आपल्यात कुणी गेलं की त्याची मोर्सची किल्ली गप्प झाली म्हणतात. मी तशीच फोन धरून उभी राहिले आणि मला आधी रडू आलं नाही, राग आला. तू आणि गप्प! काकांचं बोलणं मध्येच तोडून "काका, तुमचं झालं असंल तं आता आमाले बोलू द्या" म्हणणारी तू. आणि गेलीस तरी कशी, तर झोपेत, कुणाला हाक न मारता. हे तुझ्या स्वभावात बसत नाही. मी अजून मनातल्या मनात तुझ्याशी त्यावरून भांडते आहे.

तुझ्या घरचे तुला मोठी बहू म्हणून आठवतील, भाभी म्हणून आठवतील. माझ्या लेखी तू कितीतरी दिवस नुसता आवाज होतीस. मी अकोल्यात गणिताच्या शिकवण्या घेणारी, एकटी राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई. तू परतवाड्यात, लाकूड कापायच्या आरा मशीनवाल्यांच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. आपण समोरासमोर भेटलो ते अगदीच थोड्या वेळा. पण दुपारी लाइन गेली की तू "जयभीम वंदू" म्हणायचीस, मी "सलाम आपा" म्हणायचे, काका मध्ये घुसून "दोघींले राम राम" टाकायचे, आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. सकाळपासून पोरांना बीजगणित शिकवलेलं असायचं, ते धरायचं नाही.

या लोडशेडिंगला सगळं वऱ्हाड शिव्या देतं. ओलिताचे पंप बंद, पिठाच्या गिरण्या बंद, घराघरात पंखे बंद. आपण दोघी मात्र त्याची वाट बघायचो. लाइन गेली की तारांमधली सगळी खरखर मरते आणि बॅटरीवरचा रेडिओ असा स्वच्छ ऐकू येतो की समोरचा घोट गिळतो तेही कळावं. तुला त्याचं वाईट वाटायचं. "लोकायचं पाणी बंद होते अन आपण खुश होतो. खुदा माफ करो बाई," म्हणायचीस, आणि दुसऱ्या वाक्याला विचारायचीस, "आज काय रांधलं?"

खोली मी बघण्याआधीच आवाजावरून मला पाठ होती. लाइन असताना बोललीस तर मागे खालच्या करवतीचा आवाज, तुझं अर्धं वाक्य त्यातच जायचं. करवत थांबली की खाटेची कुरकुर. मग वाटीवर चमचा लागल्याचा आवाज, आणि तू माइक बाजूला करून हळूच म्हणायचीस, "लो, और एक. बस एक." ते मास्टरजींना. तुझे शोहर. भाऊ सगळे लाकडाच्या धंद्यात, हे एकटेच शाळेत विज्ञान शिकवणारे. रेडिओ त्यांचा, त्याचा परवाना त्यांचा, जिन्याच्या खोलीपासून अंगणातल्या निंबापर्यंत ताणलेली तारही त्यांनीच बांधलेली. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात रेडिओ विकायची भाषा सुरू झाली तेव्हा तू, चाळिशी उलटलेली बाई, त्यांचीच पुस्तकं काढून बसलीस, परीक्षा दिलीस आणि स्वतःच्या नावावर परवाना आणलास. कशासाठी केलंस एवढं, असं मी एकदा विचारलं. "मंग काय भंगारवाल्याले देऊ?" म्हणालीस. तुझी सरळ उत्तरं अशी असायची.

मास्टरजी फक्त तुझ्या हातून जेवायचे. तुझ्या देवरानीनं, छोटीनं, करून पाहिलं होतं. घरातल्या पोरींनीही पाहिलं. त्यांनी तोंड घट्ट मिटायचं आणि मान भिंतीकडे फिरवायची. तुझा हात मात्र त्यांना चालायचा. मशीन थांबली, घर शांत झालं की त्यांना नीट गिळता येतं, ठसका लागत नाही, असं तुझं म्हणणं. म्हणून त्यांचं जेवण आणि आपल्या गप्पा एकाच वेळी. एका हातात चमचा, एका हातात माइक. आणि म्हणून तू घराबाहेर पडायची नाहीस. शेंदूरजनाघाटला तुझ्या माहेरी लग्न होतं तेव्हा निकाहापुरती गेलीस आणि बिर्याणी न खाता परत आलीस. "माह्याशिवाय खात नाईत न थे," हे तू तक्रार म्हणून सांगायचीस की कौतुक म्हणून, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी मात्र ते ऐकून माझ्या घराची खिडकी उगाचच उघडायचे.

आपलं भांडण तारेवरून होतं. तुला सांगायला नको, पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून सांगते. रेडिओला मापाची तार लागते. माप चुकलं की बाहेर जायचा जोर उलटा फिरून परत येतो, आणि किती परत येतो ते मीटरची सुई दाखवते. मास्टरजींची तार मापाची नव्हतीच. घर जिथे सुरू होतं आणि निंब जिथे उभा होता, त्या दोहोंतलं अंतर म्हणजे तारेची लांबी. म्हणून मध्ये ट्यूनर लागायचा. जुन्या रेडिओंतून काढलेले दोन गँग, म्हणजे स्टेशन लावायचे फिरते कंडेन्सर, प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळलेली तांब्याची कॉइल आणि तिच्या हव्या त्या वेढ्याला लावायचा एक चिमटा. बटणं फिरवायची, चिमटा सरकवायचा, सुई खाली येईपर्यंत. सुई खाली आली की रेडिओची समजूत पटते की तार बरोबर आहे. तार असते तशीच असते.

सगळे त्याला ट्यूनिंग म्हणतात. तू "जमवणं" म्हणायचीस. "थांब वंदू, जरा जमवून घेते." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. माझ्या मोठ्या बहिणीला सासरी धाडताना आमच्या आईनं हाच शब्द दिला होता, जमवून घे. ती अजून जमवतेच आहे. तिच्याकडे बघूनच मी लग्नाच्या वाटेला गेले नाही.

"आपा, मी सांगते तुले, थे तार मधून काप," मी म्हणायचे. "दोन बाजू सारख्या मापाच्या कर, मधून केबल खाली आण. ट्यूनर लागतच नाई मंग."

"त्याइनं बांधेल तार हाय. मी नाई कापत."

"अवं पण सुई खाली हाय म्हणून सारं बाहेर जाते असं नाई. कॉइलले हात लावून पाह्य."

तू लावायचीस. ऐकू यायचं मला, बांगडी पाइपाला लागल्याचं.

"गरम हाय थोडी."

"तेच म्हणून राहिली मी. तुहं अर्धं तिथंच जळून राह्यलं."

"तुले मी ऐकू येऊन राहिली का नाई?"

"येऊन राहिली."

"मंग झालं."

हा वाद आपण किती वेळा केला असेल! मी कागदावर गणितं मांडून पोस्टानं पाठवली. तू त्या कागदावर मास्टरजींच्या गोळ्या ठेवल्यास आणि ते मला मोठ्या खुशीत सांगितलंस.

त्या तारेचा जिन आठवतो का? सगळं घर तिच्यावर कपडे वाळत घालायचं. गच्चीवर अशी छान ताणलेली तार आहे म्हटल्यावर कोण सोडेल? ओल्या चादरी पडल्या की तुझी जमवाजमव पार बिघडायची, आणि तू खोलीतून ओरडायचीस, "छोटी, चद्दर निकाल!" कुणालाच कारण कळायचं नाही. मग एकदा तू बोलत असताना छोटीचं बोट तारेच्या उघड्या टोकाला लागलं आणि तिला चटका बसला. लाइन तर गेलेली, तारेला वीज जोडलेली नाही, मग चटका कशाचा? छोटीनं खाली जाऊन जाहीर केलं की तारेत जिन आहे. शेजारच्या मारवाडीणबाईंनी लिंबू-मिरची पाठवून दिली. आपण बोलतो तेव्हा रेडिओचा जोर तारेच्या टोकाशी उतरतो, एवढं तू सगळ्यांना समजावून सांगू शकली असतीस. सांगितलं नाहीस. "सांगू कायले? आता कपडे तं नाई टाकत कोणी," म्हणून अशी हसलीस की मास्टरजींच्या घशात खिचडी अडकली आणि आपला कार्यक्रम तिथेच बंद पडला. पण मग गच्चीवर कुणी यायचंही बंद झालं. आधी कपडे घालायला का होईना, पोरी वर यायच्या, तुझ्या खिडकीशी दोन शब्द बोलायच्या. ते गेलं. तू त्याबद्दल बोलली नाहीस, मला ते पुढे एकदा तिथे आल्यावर कळलं. पायऱ्यांवर धूळ होती.

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत तुमच्या मशीनवर संत्र्याचं लाकूड यायला लागलं. वरुडकडच्या बागा पाण्यावाचून वाळत होत्या आणि लोक झाडं तोडून जळाऊ म्हणून विकत होते. तुझ्या माहेरचा सगळा मुलूख. तू खिडकीतून ट्रॅक्टर बघायचीस आणि सांगायचीस, आज अमुक गावचं आलं. लाकूड कापलं की वास येतो म्हणायचीस, सालीचा येतो तसा, पण कडवट. एके दिवशी तू नुसतीच म्हणालीस, "वंदू, आज आमच्या बाजूच्या बागेचं आलं," आणि माइकचं बटण दाबून ठेवून गप्प बसलीस. काका तर त्यांच्या दुकानातल्या बातम्या आपल्याला सांगायचेच नाहीत, सांगण्यासारख्या नसायच्या. कधी कधी ते आधीच "आज मी ऐकतोच फक्त" म्हणायचे, तेव्हा आपण समजायचो की त्यांच्या शेतकरी गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या तरी मयतीहून ते आत्ताच आले आहेत.

आणि मला ताप आला होता ते? दोन दुपारी मी रेडिओवर आले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दारावर थाप पडली, बाहेर एक अनोळखी माणूस, हातात नारळ आणि ग्लुकोज. काकांचा कुणी बी-बियाण्यांचा व्यापारी अकोल्याला होता, तुझ्या सांगण्यावरून काकांनी त्याला पिटाळलं होतं. मी एकटी राहते याचा मला मोठा तोरा. त्या तापात मेले असते तर शिकवणीच्या पोरांनी सुट्टी समजून आनंदानं घरं गाठली असती. तू तुझ्या खाटेजवळून उठलीसही नाहीस आणि इतक्या लांब माझं दार वाजवलंस. या गोष्टीचे आभार मानायचे राहिले. तू मानू दिले नसतेस म्हणून मानले नाहीत, आणि आता मानते आहे तर ऐकायला तू नाहीस.

तुला एकदा तरी त्या खोलीतून बाहेर काढायचंच, ही माझी जिद्द होती. तू ट्यूनरशिवाय, उघड्यावर, मापाच्या तारेनं बोललेलं मला बघायचं होतं. मी घरी बसून तार कापली, मोजली, परत मोजली, पतंगाच्या चकरीवर गुंडाळली. लहान रेडिओ आणि बॅटरी पिशवीत बसत होती. ठरलं असं की मी सकाळच्या बसनं परतवाड्याला यायचं, आपण दोघींनी तिथून जीपनं चिखलदऱ्याला जायचं, झाडावर तार टाकायची, दुपारी बोलायचं आणि संध्याकाळी परत. मास्टरजींना छोटी बघेल. एक दुपार उपाशी राहिले तर राहू दे, असं छोटीच म्हणाली होती.

तू आलीस. जीपच्या अड्ड्यावर बुरख्यात, हातात जेवणाचा डबा घेऊन आलीस, आणि मला म्हणालीस, "चाल." मला इतका आनंद झाला होता की मी जीपवाल्याला विनाकारण चहा पाजला. पण जीप भरेना. आपल्याकडची जीप भरल्याशिवाय हलते का? एक सवारी कमी. ड्रायव्हर चाकाला पाय लावून "चिखलदरा, चिखलदरा" ओरडतोय, आपण दोघी मागच्या बाकावर. मी बोलत होते, तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग तू म्हणालीस, "त्याइच्या डाव्या हाताजवळ पाणी नाई ठेवलं मी." मी म्हटलं छोटी ठेवेल. "छोटीले मालूम नाई, डाव्या हाताले लागते." मी म्हटलं फोन कर. तू डबा माझ्या मांडीवर ठेवलास आणि उतरलीस. लोकांच्या गर्दीतून तुझा बुरखा जाताना दिसत होता, आणि तू वळून पाहिलं नाहीस. तू कोपऱ्यावर दिसेनाशी झालीस तोवर सवारी आली होती. दोन आल्या.

मी रागानं एकटी गेले. वर एक बाई मक्याची कणसं भाजत होती, तिनं दोरीला दगड बांधून पहिल्याच फेकीत तार झाडावर चढवून दिली. रेडिओ लावला. सुई हललीसुद्धा नाही. एवढं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. खाली सगळी दरी उघडी पडलेली. मी हाक दिली आणि तू लगेच आलीस, बारीक, जरा भाजलेल्या आवाजात, त्या गरम कॉइलमधून.

"बोल. किती दाखवते सुई?"

"शून्य," मी म्हटलं. "पूरं शून्य. ट्यूनर नाई, काही नाई."

"झालं न तुह्या मनासारखं? मंग आता मले सांग, तिथून कोणाशी बोलून राहिली तू?"

मी मीटरची सुई परत एकदा बघितली. तू मात्र लगेच विषय बदललास, डब्यातले कबाब खाल्ले का विचारलंस, आणि मागे चमच्याचा आवाज आला. त्यानंतर मी बरेच दिवस तुझ्याशी तुटक वागले आणि तू ते वागणं खपवून घेतलंस.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाची वाट न बघता मी परतवाड्याला गेले. पुर्सा द्यायला, घरच्यांचं सांत्वन करायला बायका बसल्या होत्या, मी त्यांच्यात बसायला गेले तर छोटीनं माझा हात धरून मला सरळ वरच नेलं. "बाजी, ये मुँह नै खोल रे," ती म्हणाली. "दूध के दो घूँट, बस. डॉक्टर नाक से नली डालने का बोल रा." मास्टरजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. किती लहान दिसत होते, आपा. इतकी वर्षं ज्या माणसावर मी मनातून चिडले होते तो एवढासा होता.

रेडिओवर कुणी तरी तुझी ओढणी पांघरून ठेवली होती. मी ती काढली आणि कशासाठी असं नाही, नुसत्या सवयीनं बटण दाबलं. लाइन गेलेलीच होती. खरखर सुरू झाली, हलकी, स्वच्छ. आणि मास्टरजींनी मान वळवली. छोटीनं ते पाहिलं. तिनं घाईनं वाटी उचलली, चमचा पुढे केला. त्यांचं लक्ष चमच्याकडे नव्हतंच, ते रेडिओकडे बघत होते. वाट बघत होते. काका त्या वेळी रेडिओवर नव्हते आणि दुसरी बोलणारी मी, ती तर खोलीतच उभी. मी जवळ जाऊन म्हटलं, "मास्टरजी, सलाम. मैं वंदना, अकोलेवाली." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुणी पाहुणी आली आहे असं, आणि पुन्हा डोळे रेडिओकडे नेले. तोंड मिटलेलंच.

छोटी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाजी, तुम घर जाओ. वहाँ से बोलो."

मी पुढच्याच बसनं निघाले. दुसऱ्या दिवशी शिकवणीची पोरं लवकर हाकलली आणि परतवाड्याची लाइन जायच्या वेळेला रेडिओवर बसले. छोटीला रेडिओ सुरू करायचं एकच बटण दाखवून आले होते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तुझ्याबद्दल बोलू शकले नाही. नेहमीचंच बोलले, ऊन किती तापलंय, पोरांना वर्गमूळ कसं येत नाही, आज वांग्याची भाजी केली आणि खारट झाली. काका आले, त्यांनी दोघांना राम राम घातला, आणि मग त्यांना रडू आवरेना, म्हणून मीच परत वांग्यावर आले. बोलून झाल्यावर सवयीनं "मास्टरजी, ओव्हर" म्हटलं आणि बटण सोडलं. खरखर. ती किती वेळ ऐकावी ते कळेना. मग पुन्हा बोलायला लागले.

संध्याकाळी छोटीचा फोन आला. "खा लिये बाजी. पूरी कटोरी. मेरे हाथ से."

मेरे हाथ से. आपा, त्यांना तुझाच हात हवा होता असं तू म्हणायचीस, छोटी म्हणायची, मीही मानून चालले. तू खोलीत नसलीस की रेडिओला कुणी हात लावायचं नाही, म्हणून तेव्हा खोली मुकी असायची आणि ते तोंड मिटून घ्यायचे. आपण सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला. त्यांना कोण भरवतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बोलणं ऐकायचं होतं. त्या दिवशी ती जीप जरा आधी भरली असती, तू डोंगरावर आली असतीस आणि तिथून नुसती "मास्टरजी, खाओ" म्हणाली असतीस, तर छोटीच्या हातून ते जेवले असते. माहेरचं लग्न, बिर्याणी, सगळं झालं असतं. मी गणितवाली आहे, एका उदाहरणावरून नियम काढू नये हे मला कळतं. पण त्यानंतर रोज तेच होतं आहे. मी बोलते, ते जेवतात. नळीचं नाव डॉक्टरनं काढणं सोडलं आहे.

एक शंका मला छळते. तुला हे आधीच कळलं होतं का? कळूनही तू जीपमधून उतरलीस का? तसं असेल तर मी इतकी वर्षं तुझ्या सुटकेसाठी भांडत होते ती कुणासाठी? आणि तसं नसेल, तुला खरंच माहीत नसेल, तर मी हे कुणाला सांगू? सांगायची एकच जागा होती.

छोटी म्हणाली होती, तुझा ट्यूनर घेऊन जा, इथं कुणाला कळतो. मी आणला नाही. चिमटा तू शेवटचा लावलेल्या वेढ्यावर होता, मला तो काढवेना. त्याचा परिणाम असा झाला आहे की माझी मापाची तार माझ्याच गच्चीवर मावते, चिखलदऱ्यासारखा उघडा डोंगर सोडला तर दुसरीकडे कुठे तिला जागा होत नाही, आणि कुठेही जमवून घेणारं यंत्र माझ्याकडे नाही. म्हणजे भांडण तू जिंकलीस. तू हसली असतीस तशी हसून घे.

नागपूरच्या मैत्रिणीचा परवा फोन आला. तिच्या फ्लॅटची वास्तुशांत आहे, चार दिवस ये म्हणाली. मी म्हटलं, येता येणार नाही, दुपारी मला घरी असावं लागतं.

"काहून?" ती म्हणाली. "कोण हाय वो तुह्या घरी?"

"घरी कोणी नाई," मी म्हटलं.